दिवा जवळ घ्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की आमच्याकडे संध्याकाळचा एक तास बल्ब बंद असतो आणि टेबलावर तेलाचा दिवा असतो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. कुणी लगेच करून बघितलं, कुणाचं फसलं, कुणाला काळजी वाटली, दोघातिघांनी तर घरातली सगळी वीजच बंद करायचं ठरवलंय. म्हणून यावेळचं सदर सगळं दिव्यालाच दिलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेवढं चालवून घ्या.

ताई, तुमचं वाचून आम्ही उत्साहात हॉलच्या चार कोपऱ्यांत चार दिवे लावले. पण खरं सांगू का, अंधारच वाटला. मुलं पाच मिनिटांत कंटाळली आणि लाईट लावून मोकळी. आमचं काय चुकलं? अजून किती दिवे लावायला हवेत?

चुकलं ते एवढंच की बल्बचं काम तुम्ही दिव्याला सांगितलंत. बल्ब खोली उजळतो, दिवा ती उजळत नाही, आणि चाराचे आठ केलेत तरी उजळणार नाही. आकडाच सांगते म्हणजे पटेल. एक बारकी ज्योत, मग ती मेणबत्तीची असो की तेलातल्या वातीची, साधारण १२-१३ ल्युमेन (दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप) उजेड देते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ८०० च्या आसपास द्यायचा, आताचा ९ वॅटचा एलईडी पण तेवढाच देतो. भागाकार करून बघा, एका बल्बच्या जागी ६०-६५ दिवे होतात. आणि समजा खरंच ६५ लावले तर? एक ज्योत तासाला सहा-एक ग्रॅम तेल पिते, म्हणजे ६५ ज्योती तासाला जवळजवळ ४०० ग्रॅम पिणार आणि सगळ्या मिळून चारेक किलोवॅटची उष्णता खोलीत सोडणार, म्हणजे हजार वॅटचे चार हीटर एकदम चालू केल्यासारखं. त्या खोलीत कुणी बसू शकणार नाही.

मग दिवा करायचा काय, तर जवळ घ्यायचा. सगळी गंमत अंतरात आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. एका जागी किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात, एका ज्योतीपासून एक मीटरवर साधारण १ लक्स उजेड पडतो, दोन मीटरवर पाव लक्स, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तुमचे दिवे कोपऱ्यात आणि तुम्ही सगळे मधे, तर तुम्हाला चांदणंच मिळालं, त्यात पुस्तक कसं दिसणार. तोच दिवा वीतभर अंतरावर आणा, १६ लक्स होतात, आणि चारही दिवे एकाच टेबलावर जवळ जवळ ठेवलेत तर ६० च्या आसपास. वाचायच्या दिव्यासाठी ३०० ते ५०० लक्स सांगतात, त्यामानाने हे कमीच, पण मोठ्या अक्षराचं पुस्तक, पत्ते, विणकाम, गप्पा, याला पुरतं. म्हणजे आता चार कोपरे विसरा, एक टेबल धरा आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती बसा.

अजून दोन-तीन गोष्टी करा. ज्योत थेट डोळ्यांसमोर ठेवू नका, तिच्याकडे बघितलं की बाहुली आक्रसते आणि बाकीची खोली आणखीनच काळी दिसते, त्यामुळे दिवा थोडा बाजूला, पुस्तकापेक्षा थोडा उंच, आणि डोळ्यांच्या बाजूने पत्र्याचा एखादा आडोसा. दिव्याखाली अंधार ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे बरं का, तेलाचं भांडंच खाली जाणारा उजेड अडवतं, म्हणून तर पणतीला चोच काढलेली असते, वात काठाच्या बाहेर आली की निदान त्या बाजूला तरी उजेड खाली उतरतो. चोच आपल्याकडे करून ठेवा. मागे हातभर अंतरावर आरसा उभा केलात तर आरशातला दिवा पण तुमच्याच कामाला येतो. टेबलावर पांढरा कागद घाला. आणि युरोपात लेस विणणाऱ्या बायका काय करायच्या माहितीये, ज्योतीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवायच्या, तो भिंगासारखं काम करतो आणि उजेड गोळा होऊन बरोब्बर हातातल्या कामावर पडतो, एका दिव्याभोवती असे बरेच चंबू मांडून बऱ्याच जणी बसायच्या. मी गोल फुलदाणी घेऊन करून बघितलंय, छोटा पण खरोखर लख्ख ठिपका पडतो. फक्त असा चंबू उन्हात विसरू नका, ऊन एका ठिकाणी गोळा होऊन कागद पेटू शकतो.

मुलांचं म्हणाल तर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायलाच २०-३० मिनिटं लागतात. ती पाचव्या मिनिटाला उठली म्हणजे त्यांनी दिव्याचा उजेड अजून बघितलेलाच नाही. पुढच्या वेळी एकदम सगळे लाईट बंद करू नका, आधी मोठा, मग अर्ध्या तासाने छोटा, असं उतरत या.

जुना काचेचा कंदील सापडला. घरात रॉकेल नको म्हणून त्यात सूर्यफुलाचं तेल भरलं. पेटला छान पण दोन मिनिटांत विझला, वात जळून कोळसा झाली. तीनदा तेच झालं. कंदील खराब आहे का?

कंदील ठणठणीत आहे, तेल चुकीचं आहे. कंदील रॉकेलसाठी बनवलेला असतो. रॉकेल पाण्यासारखं पातळ, ते वातीच्या धाग्यांमधून आपोआप आठ-दहा सेंटीमीटर वर चढतं. सूर्यफूल, तीळ, ऑलिव्ह ही तेलं त्याच्या वीस-तीस पट तरी घट्ट असतात, ती एवढी उंच चढतातच असं नाही आणि चढली तरी इतकी हळू की ज्योतीची भूक भागत नाही. सुरुवातीला वातीत भिजलेलं तेल जळतं, ते संपलं की वातच जळायला लागते, तुमच्याकडे तेच झालं. खायच्या तेलाच्या दिव्यात ज्योत तेलाच्या अगदी जवळ हवी, बोटाच्या पेरापेक्षा जास्त वर नको, आणि तेल खाली जाईल तशी वात खाली किंवा तेल वर आणायला हवं. पणती, समई ही सगळी भांडी म्हणूनच उथळ असतात.

रॉकेल नको म्हणालात ते मात्र मला मनापासून पटलं. त्याचे उपकार मोठे आहेत, ३१ जुलै १८५३ ला आताच्या युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरातल्या हॉस्पिटलमध्ये इग्नात्सी लुकासिएविच या पोलिश फार्मासिस्टच्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात रात्री तातडीचं ऑपरेशन झालं होतं, त्याआधी असा भरवशाचा उजेड साध्या माणसाला परवडतच नव्हता. पण आज घरात दुसरा पर्याय असताना रॉकेल जाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरात रॉकेल वापरू नका असंच सांगितलंय. धूर हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे आग. रॉकेलची वाफ ३८ अंशांच्या पुढे कधीही पेट घेऊ शकते, खायच्या तेलांना त्यासाठी साधारण ३०० अंशांच्या वर तापावं लागतं. म्हणूनच पणती कलंडली तर बरेचदा ज्योत तेलात बुडून विझते आणि रॉकेलचा दिवा पडला की भडका उडतो. बरेचदा म्हटलं हं मी, नेहमी नाही. तेच तेल पडद्यात, चादरीत मुरलं की ते कापड म्हणजे एक मोठी वातच झाली.

कुठलं तेल चांगलं, असं आणखी सहा जणांनी विचारलंय. ऑलिव्ह आणि तीळ छान जळतात, धूर कमी. एरंडेल फार घट्ट, हळू जळतं, बराच वेळ टिकतं, पण वात जाड लागते आणि तेल अगदी काठोकाठ लागतं. खोबरेल स्वच्छ जळतं पण २४ अंशांच्या खाली थिजतं, थंडीत आधी ते पातळ करून घ्यावं लागतं. जवसाचं तेल टाळा, ते हवेने सुकून चिकट होतं, वात चोंदते, आणि त्यात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे खरंच होतं. तळून उरलेलं तेल वापरायचं असेल तर आधी बारीक फडक्यातून गाळा, त्यात ओले कण आणि मीठ राहिलं तर दिवा तडतडतो आणि शिंतोडे उडतात. पेट्रोल, स्पिरिट, थिनर यातलं काहीही कुठल्याही दिव्यात घालायचं नाही, एक थेंब पण नाही.

आमचा दिवा फार धूर करतो. भिंतीवर, छतावर काळे डाग पडलेत. तेल महागातलं आणलं, कापूस बदलला, काही फरक नाही.

वात किती बाहेर काढता? मी पैजेवर सांगते, जास्त काढत असणार. सगळ्यांचं हेच होतं, उजेड कमी वाटला की वात पुढे सरकवायची, आणि मग उजेड थोडासा वाढतो आणि धूर मात्र दसपट.

असं का होतं ते सांगते, एकदा कळलं की हात आपोआप बरोबर चालतो. ज्योत पिवळी दिसते ती कशामुळे, तर काजळीमुळे. तेलाची वाफ होते, ती तापून फुटते, त्यातून कार्बनचे अतिशय बारीक कण तयार होतात आणि ते तापून पिवळे चमकतात, आपण ज्याला उजेड म्हणतो तो हाच. हे कण वर जाता जाता ज्योतीच्या टोकाशी पूर्ण जळून गेले तर धूर नाही. पण तेल जास्त आलं आणि हवा कमी पडली, किंवा पंख्याच्या वाऱ्याने ज्योत मधेच गार झाली, तर कण न जळताच निसटतात. तेच तुमच्या छतावर बसलेत. म्हणजे काजळी ही बाहेरून आलेली घाण नाही, उजेड देऊन झाल्यावर जळायचा राहिलेला उजेडच आहे तो.

तर वात तांदळाच्या दाण्याएवढीच बाहेर ठेवा. ज्योत अंगठ्याच्या पेरापेक्षा उंच नको, टोक निमुळतं आणि स्थिर हवं, टोक फाटून वर काळी रेघ दिसली की वात मागे घ्या. पेटवायच्या आधी वात तेलात पूर्ण भिजू द्या, कोरडं टोक पेटवलं की पहिली पाच मिनिटं धूरच धूर. वात निव्वळ सुती हवी, सिंथेटिक धागा मिसळलेला असेल तर तो वितळून गोळा होतो. टोकाशी काळा कडक गोळा जमतो तो रोज पेटवण्याआधी, दिवा गार असताना, कात्रीने काढा, चपट्या वातीला सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल केले की ज्योतीला शिंगं येत नाहीत. पंखा बंद. आणि तपासायचं असेल तर ज्योतीच्या टोकाच्या चार बोटं वर स्टीलचा चमचा चिमट्याने दहा सेकंद धरा, काळा झाला तर अजून वात कमी करा. मी अजूनही हे करते.

उजेड जास्त हवा असेल तर वात मोठी करायची नसते, हवा वाढवायची असते. हे ज्याला पहिल्यांदा नीट जमलं तो एमी आर्गां, स्वित्झर्लंडचा माणूस, १७८० च्या दशकातली गोष्ट. त्याने वातीची पोकळ नळी केली, म्हणजे ज्योतीला आतूनही हवा आणि बाहेरूनही हवा, आणि वर काचेची चिमणी बसवली, तीमधून गरम हवा जोरात वर जाते आणि खालून ताजी ओढली जाते. एका दिव्यातून सहा ते दहा मेणबत्त्यांएवढा उजेड मिळायला लागला आणि धूर जवळपास गेला. तोवर हजारो वर्षं दिवा होता तसाच होता हो! काचेची चिमणी असलेला दिवा घेता आला तर घ्या, साधी उघडी वात आणि तो यात खूप फरक आहे. उलट उघड्या वातीचा रॉकेलचा दिवा, डबीला भोक पाडून केलेला, त्यालाही चिमणीच म्हणतात, तो सगळ्यात वाईट, २०१२ साली एक मोजणी प्रसिद्ध झाली त्यात असं दिसलं की अशा दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के चक्क काजळी होऊन हवेत जातं.

सासूबाईंना दमा आहे. त्यांना दिवा फार आवडतो. त्यांच्या खोलीत लावला तर चालेल का?

नाही. वाईट वाटतंय सांगताना पण नाही. कितीही नीट छाटलेली वात असली तरी ज्योत म्हणजे बारीक कण हवेत जाणारच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा बघा, पीएम २.५ म्हणजे अतिशय बारीक धूळकण, ते दिवसभराच्या सरासरीत घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नकोत. एवढी कमी मर्यादा बंद खोलीतला धूर सोडणारा दिवा सहज ओलांडू शकतो. दमा, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, घरात तान्हं बाळ, कुणी गरोदर, यापैकी काहीही असेल तर त्या खोलीत ज्योत नकोच. त्यांना आवडतो ना, मग बाहेर मोकळ्या हवेत, ओसरीत, गॅलरीत लावा आणि त्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसतील असं बघा, तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. आत त्यांच्यासाठी मंद पिवळा एलईडी ठेवा.

बाकीच्यांसाठीही, खिडकी थोडी उघडी हवीच. ज्योत ऑक्सिजन खाते आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, मळमळलं तर दिवा मालवून आधी मोकळ्या हवेत या.

बाळ दीड वर्षाचं आहे आणि एक मांजर पण आहे. काय काळजी घेऊ?

दादा, बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबता आलं तर थांबा, तास दीड तास दिवा नसला म्हणून काही अडत नाही. लावायचाच असेल तर बाळ झोपल्यावर. मांजर असेल तर उघडी ज्योत नको, जड बुडाचा, काचेची चिमणी असलेला दिवा घ्या आणि परातीत दोन बोटं वाळू घालून तो त्यात बसवा, कलंडला तरी तेल वाळूत मुरतं. वर आणि बाजूला हातभर मोकळी जागा हवी, वर शेल्फ नको, पडदा नको. सैल बाह्या, मोकळे केस सांभाळा. आणि दिवा लावून खोलीबाहेर जायचं नाही. दोन मिनिटांसाठी पण नाही. बेल वाजली तर आधी दिवा मालवा मग दार उघडा, ही सवय मी स्वतःला जबरदस्तीने लावून घेतलीय.

तेलाच्या बाटलीबद्दल मात्र जास्त काळजी वाटते. दिव्यासाठी रंगीत, सुवासिक पॅराफिन मिळतं ते अगदी सरबतासारखं दिसतं, आणि पॅराफिन काय, रॉकेल काय, पातळ असल्यामुळे पिताना ठसका लागून थेट फुफ्फुसात उतरतं, एक घोट पण जिवावर बेतू शकतो. पाण्याच्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका. चुकून प्यायलं तर उलटी अजिबात करवू नका, उलटी होताना ते परत फुफ्फुसात जातं, लगेच हॉस्पिटल गाठा आणि बाटली बरोबर न्या.

भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा, घड्याळ लावून, कारण ती २० मिनिटं फार लांब वाटतात आणि सगळे पाचव्या मिनिटाला हात काढतात. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल-तूप नाही. बांगडी, अंगठी सूज यायच्या आत काढा, चिकटलेलं कापड ओढू नका. लहान मुलाचं भाजणं, चेहरा, हात, सांधा किंवा तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर डॉक्टरकडे जायचंच. आणि तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, पाण्याची एकदम वाफ होऊन पेटतं तेल चहूकडे उडतं. घट्ट झाकण किंवा पातेलं उपडं घालून हवा तोडा. दिव्याशेजारी असं एक झाकण आधीच ठेवलेलं असावं.

घरच्या घरी दिवा बनवता येईल का? विकतचे आवडत नाहीत.

येईल की. माणसाने पहिला दिवा घरीच बनवला. फ्रान्समधल्या लास्को गुहेत लाल वाळूच्या दगडाचा दिवा सापडलाय, मूठ असलेला, उथळ पळीसारखा, त्यात जुनिपर नावाच्या झाडाच्या काडीच्या वातीचे जळके अवशेष होते. त्यापेक्षा सोपं सांगते. जाड काचेचा रुंद पेला घ्या, अर्ध्यापर्यंत पाणी, वर दोन-तीन सेंटीमीटर खायचं तेल, त्यावर बुचाची पातळ चकती, चकतीवर पत्र्याचा तुकडा, दोघांना मधे भोक आणि भोकातून छोटी सुती वात. वात चकतीबरोबर तेलावर तरंगते, तेल खाली जाईल तशी आपोआप खाली जाते, म्हणजे मघाशी म्हटलं ते उंचीचं गणित सुटतं. तेल संपलं की वात पाण्याला लागते आणि दिवा तडतडून विझतो. पेला तापत पण नाही फारसा. मात्र हे खायच्या तेलावरच करायचं, रॉकेलवर नाही, आणि प्लॅस्टिकचा पेला नाही.

वीज वाचली म्हणजे पर्यावरणाला मदतच ना? मी ठरवलंय, घरातले सगळे बल्ब काढून टाकणार.

तुमचा हेतू फार चांगला आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते, बल्ब काढू नका. ९ वॅटचा एलईडी चार तास जाळला की ३६ वॅट-तास वीज लागते. एक छोटी ज्योत चार तासांत जे तेल पिते त्यात २५० वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे सातपट ऊर्जा जाळून बल्बच्या पासष्टाव्या हिश्श्याएवढा उजेड. वीज कोळशावर बनलेली असली आणि त्यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया गेलेली असली तरीही दिवा कुठल्या कुठे मागे राहतो. शिवाय ते तेल कुणीतरी शेतात पिकवलेलं असतं, पाणी, खत, जमीन घालून. रॉकेल असेल तर एका लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड. वीज वाचवायची तर ज्या खोलीत कोणी नाही तिथला लाईट बंद करा. दिवा लावायचा तो तुम्हाला त्याच्याजवळ बसायचं असेल म्हणून लावा, ते कारण पुरेसं आहे.

दिव्याच्या उजेडात बसलं की रात्री झोप चांगली लागते म्हणतात. खरं आहे का?

बऱ्यापैकी खरं आहे. ज्योतीच्या उजेडात निळा भाग फार कमी असतो, तिचं रंगतापमान (उजेड पिवळा की निळसर हे सांगणारं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) १९०० केल्विनच्या आसपास, पांढऱ्या एलईडीचं ४००० ते ६५०० पर्यंत. आपल्या डोळ्यात काही पेशी निळ्या उजेडाला खास दाद देतात आणि मेंदूला सांगतात अजून दिवस आहे, मग मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं हार्मोन, दबतं आणि झोप लांबते. दिव्याचा उजेड निळा नाही आणि कमीही आहे, त्यामुळे दोन्हीकडून फायदा. पण हाच फायदा मंद केलेल्या पिवळ्या बल्बनेही होतो. आणि दिव्यासमोर बसून हातात मोबाईल असेल तर मग काहीच उपयोग नाही. अंथरुणात मात्र ज्योत नको, डोळा लागायच्या आत मालवलेला असला पाहिजे.

लाईट गेल्यावर दिवा चांगला की टॉर्च?

टॉर्च, लगेच टॉर्च. अंधारात चाचपडत काडेपेटी शोधणं, पेटता दिवा हातात घेऊन जिना उतरणं, यातच अपघात होतात. भूकंप, वादळ यानंतर तर गॅस गळतीची शंका असते तेव्हा ज्योत नाहीच. टॉर्च लावा, सगळे एका जागी बसा, सगळं ठीक आहे बघा, मग वाटलं तर दिवा.

शेवटी लहानसा प्रश्न. दिवा मालवायचा कसा? फुंकर मारली की सगळ्या खोलीत जळका वास सुटतो.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. फुंकरीने ज्योत जाते पण वात धगधगत राहते, तेलाची वाफ होत राहते आणि ती आता जळत नाही, तो पांढरा धूर म्हणजे तीच वाफ. उघड्या दिव्यात काडीने किंवा चिमट्याने वातीचं टोक हलकेच तेलात बुडवा, ज्योत, धग दोन्ही एकदम शांत, वास नाही, शिंतोडे नाहीत आणि उद्यासाठी वात भिजलेलीही राहते. काचेच्या दिव्यात वात अगदी खाली घ्या, ज्योत निळी आणि बारीक झाली की काचेच्या तोंडामागे तळहात आडवा धरून त्यावर फुंकर मारा, हवा वळून आत उतरते, काचेला हात मात्र लावू नका. मग अर्धा तास तरी काच उचलायची नाही, पुसायची नाही, ओलं फडकं तर नाहीच, माझी एक छान जुनी काच अशीच ओल्या फडक्याने टचकन तडकली. आधी लाईट लावा आणि मगच दिवा मालवा.